उघड्या मानेची नऊ पिल्ले

१ तारीख, रविवार

जमादारीण खुडूक बसली आहे याची आज खात्री झाली. जमादारीण म्हणजे माझी एकुलती एक कोंबडी. कालपासून ती खोक्यातून उठत नाही. हात पुढे केला की पिसे फुलवून दुप्पट होते, घशातल्या घशात कुरकुरते आणि टोचते. अंडे मात्र घालत नाही. ही सर्व लक्षणे दाजींमध्येही दर रविवारी दिसतात, असे ताई म्हणाली. ते मी नोंदीत धरलेले नाही.

ही वही नवीन आहे. पुढे कोणाच्या हाती पडली तर गैरसमज नको, म्हणून थोडक्यात लिहून ठेवतो. माझे शिक्षण नववीपर्यंत, तीही नापास. त्यानंतर बॅटरीच्या दुकानात तीन महिने, छापखान्यात सहा आठवडे आणि एका डॉक्टरांच्या दारावर पेशंटांची नावे लिहायला अकरा दिवस होतो. मी नावे चुकीची लिहीत नसे. डॉक्टरांचे म्हणणे, मी एक नाव लिहीपर्यंत माणूस आपोआप बरा होऊन घरी जातो.

सध्या ताईकडे राहतो. आता स्वतःचा उद्योग करायचा आहे. योजना अशी: आपल्या गल्लीत लोकांकडे अंडी आहेत, पण त्यांच्या कोंबड्या बसत नाहीत. माझ्याकडे बसणारी कोंबडी आहे. लोकांनी अंडी द्यावीत, मी पिल्ले करून द्यावीत आणि प्रत्येक घराने एक पिल्लू मला मजुरी म्हणून द्यावे. घरमालकीण मावशींनी जिन्याखालची कोळशाची खोली महिनाभर वापरायला दिली आहे.

ताईची अट आहे. दोन गिऱ्हाइकांची अंडी बसवायची. प्रत्येकाच्या सहापैकी निदान चार फुटली, तर खोली माझी आणि वर्षभर मला कोणी काही बोलणार नाही. नाही तर ३० तारखेपासून दाजींच्या टायरच्या दुकानात. तिथे मी पूर्वी दोन दिवस होतो. दाजी मला ‘रजिस्टर’ म्हणतात आणि गिऱ्हाइकांसमोरही म्हणतात.

२ तारीख, सोमवार

दोन्ही गिऱ्हाइके मिळाली. एक घरमालकीण मावशी, दुसरे समोरचे निवृत्त मुख्याध्यापक. मला नववीत नापास केले ते हेच सर. त्यामुळे त्यांच्या दारावर टकटक करण्यापूर्वी मी कोपऱ्यापर्यंत जाऊन तीनदा परत आलो.

मावशी आणि सर नऊ वर्षे एकमेकांशी बोलत नाहीत. कारण सांडपाण्याचा पाइप. मावशींच्या साऱ्या कोंबड्या आणि त्यांचा कोंबडा उघड्या मानेचे आहेत, म्हणजे डोक्यापासून छातीपर्यंत पिसे नाहीत, लालभडक कातडी. सर त्या कोंबड्याला ‘गिधाड’ म्हणतात. मावशी म्हणतात, उन्हाळ्यात मफलर घालून हिंडणाऱ्यापेक्षा बरा. हे सरांना उद्देशून असावे, कारण सर बाराही महिने टाय बांधतात.

सरांचा कोंबडा काळाभोर आहे, तुरा खूप मोठा. रोज पाच वाजून दहा मिनिटांनी आरवतो. सर म्हणाले, त्याच्या सात पिढ्यांची माहिती त्यांच्याकडे आहे. मात्र दोन वर्षांत त्यांच्याकडे एकही पिल्लू निघालेले नाही. त्यांनी कारणही शोधले आहे: कोंबड्या बाद आहेत. चार कोंबड्या त्यांनी एकामागून एक खाटकाला दिल्या. आता दोन काळ्या उरल्या आहेत.

“ही त्यांची शेवटची परीक्षा,” सर म्हणाले. “तुझी कोंबडी बसवून पाहू. या वेळीही नापास झाल्या, तर त्याही खाटकाकडे. आणि तू या वेळी तरी लक्ष दे.”

मी लक्ष देईन असे म्हणालो. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या सहसा बोलत नाहीत.

३ तारीख, मंगळवार

दुपारी काकूंकडून सहा अंडी आणली. सर त्या वेळी झोपतात. काकू प्रत्येक अंडे पदराने पुसून देत होत्या. अंडे पुसू नये, त्यावर नैसर्गिक थर असतो, हे मी त्यांना समजावून सांगितले. “बरं बाबा,” म्हणाल्या.

परसात गेलो तेव्हा मागचे फाटक सताड उघडे दिसले. मांजर येईल, असे मी सुचवले. त्या म्हणाल्या, विसरले असेन.

ताईकडून कळले की सरांना मूलबाळ नाही. काकूंची पुष्कळ औषधे झाली, दोन मोठ्या शहरांत दाखवून आणले. सर स्वतः डॉक्टरकडे कधी गेले नाहीत, कारण त्यांची प्रकृती पहिल्यापासून उत्तम आहे.

४ तारीख, बुधवार

जमादारणीची परीक्षा पूर्ण. तीन दिवस तिच्याखाली चिनी मातीच्या, दाराच्या दोन मुठी ठेवल्या होत्या. ती त्यांवर इमानाने बसली. अंधार पडल्यावर मुठी काढून खरी अंडी सरकवली. तिला फरक कळला नाही, किंवा कळूनही तिने दाखवला नाही.

अंडी विषम संख्येत बसवावीत असे म्हणतात, म्हणजे ती कोंबडीखाली गोल नीट मावतात. सहा आणि सहा बारा होतात. म्हणून एक अंडे दुकानातून आणले. दाजी म्हणाले, “त्यातून पिशवी निघेल.”

घोटाळा होऊ नये म्हणून प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने लिहिले. शाई आत झिरपते. सरांच्या अंड्यांवर ‘मु. १’ ते ‘मु. ६’, मावशींच्या अंड्यांवर ‘घ. १’ ते ‘घ. ६’ आणि दुकानच्या अंड्यावर ‘स्व.’, म्हणजे स्वतःचे. खाली तारीख. अक्षर इतके चांगले आले आहे की ते झाकून ठेवायचे जिवावर आले. आता कोणते कोणाचे यावरून भांडण होण्याची शक्यताच उरली नाही.

७ तारीख, शनिवार

कोंबडी दिवसातून एकदाच उठते. दाणे खाते, पाणी पिते, राखेत लोळते आणि जी विष्ठा टाकते तिचे वर्णन इथे करत नाही. वीस मिनिटांत परत बसायला हवी, नाही तर अंडी गार पडतात. आज मी घड्याळ घेऊन खोक्याशेजारी उभा राहिलो. सतरा मिनिटे झाली, अठरा झाली, तरी ती परत येईना. नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी तिला “चल, चल” म्हणालो तर ती उलट दारापर्यंत गेली. शेवटी ताईने मला कॉलर धरून बाहेर काढले. मी बाहेर पडताच ती आत जाऊन बसली.

उद्यापासून घड्याळ खिडकीबाहेरून पाहावे.

११ तारीख, बुधवार

सातवा दिवस. पुठ्ठ्याची नळी बॅटरीला लावून अंडी उजेडासमोर धरली. जीव धरला असेल तर आत कोळ्याने विणल्यासारखे लाल जाळे दिसते. जाळे नसलेले अंडे नुसते कंदिलासारखे उजळते, ते वांझ.

निकाल: सरांची पाच उत्तम, ‘मु. ४’ वांझ. मावशींची पाच उत्तम, ‘घ. २’ वांझ. दुकानचे अंडे वांझ. दाजींना हे सांगितले नाही, पण त्यांनी ते आपणहून विचारले.

‘मु. ३’मधला ठिपका हलला. मी बॅटरी विझवून थोडा वेळ नुसता बसलो.

वांझ अंडी काढल्यावर दहा उरली. दहा ही सम संख्या आहे. मनाला पटेना, म्हणून दाराची एक मूठ परत ठेवली.

१३ तारीख, शुक्रवार

दाजी जेवताना म्हणाले, “काय रजिस्टर, पिल्लू बाहेर आलं की टरफल त्याच्या पाठीला डिंकानं चिकटवायचं का?” ताई इतकी हसली की तिला ठसका लागला. ज्यांनी आयुष्यात एकही गोष्ट वहीत मांडली नाही, त्यांना लेबलाचे महत्त्व काय कळणार. मी वरण मागितले आणि विषय संपवला.

१६ तारीख, सोमवार

काकूंचे मागचे फाटक आजही उघडे. ही चौथी वेळ. दुपारी अडीच वाजता मावशींचा उघड्या मानेचा कोंबडा त्यातून बाहेर येताना पाहिला, अगदी सावकाश, पिसे झटकत. तिथे पाणी प्यायला जात असावा. मावशी पाण्याचे भांडे वेळेवर भरत नाहीत, हे त्यांना सांगायला हवे.

काकूंचा विसराळूपणा वयाप्रमाणे वाढत असावा. मी स्वतः जाऊन कडी लावून आलो. गेल्या बुधवारीही लावली होती.

१९ तारीख, गुरुवार

कोंबडी आज तेवीस मिनिटे बाहेर होती. खिडकीतून मी दिसत असेन का? अंड्यांना हात लावून पाहिला, कोमट वाटली. मग वाटले, माझाच हात गार असेल. स्वतःचे कपाळ चाचपले, तेही कोमट. ताईकडे थर्मामीटर मागितला. ती म्हणाली, अंड्यांना ताप आला तर मला सांग.

दाजींनी दुकानात माझ्यासाठी स्टूल करून घेतले आहे, असे ऐकले. बुटके आहे.

२२ तारीख, रविवार

अठरावा दिवस. आता तीन दिवस अंड्यांना हात लावायचा नाही, फिरवायचे नाही, कोंबडीला उठवायचे नाही. काही न करणे हेच काम. सर्वांत अवघड.

सर जिन्याखाली डोकावून गेले. मी उठून उभा राहिलो, डोके पायरीला आपटले. ते म्हणाले, “काळी निघतील. तेजस्वी निघतील. कोंबड्यांच्या बाजूने काही कमी पडलं नाही तर.”

२५ तारीख, बुधवार

काल रात्रीपासून अंड्यांतून चिवचिव ऐकू येत होती. कोंबडी मान वाकवून त्यांना उत्तर देत होती. पहाटे पहिल्या अंड्याला भोक पडलेले दिसले. पिल्लाला मदत करू नये, आपल्या जोराने बाहेर आले तरच टिकते. मी हात पाठीमागे बांधून बसलो.

दुपारी चारपर्यंत नऊ. मावशींचे ‘घ. ५’ आतल्या आत मेले. त्याला मी फडक्यात गुंडाळून पुरले.

टरफले गोळा करून लेबलाप्रमाणे लावली. मु. – पाच. घ. – चार. म्हणजे अट पूर्ण. दोन्ही गिऱ्हाइकांची चार किंवा अधिक. मी ताईला हाक मारायला उठलो आणि दारातच थांबलो.

टरफलांवर लेबले आहेत. पिल्लांवर नाहीत.

मी वळून पाहिले. जमादारणीच्या पंखाखालून नऊ डोकी बाहेर आली होती आणि त्यांतल्या एकावरही काही लिहिलेले नव्हते. दाजींचा तेरा तारखेचा विनोद मला आज समजला. बारा दिवस लागले.

निरीक्षण: सर्व नऊ पिल्ले उघड्या मानेची आहेत. पाच पिल्लांच्या गळ्याशी पिसांचा छोटा झुपका आहे, चारांची मान अगदी साफ. झुपका वाळल्यावर गळून पडत असावा.

२६ तारीख, गुरुवार

सर सकाळी आठ वाजता आले. पिल्ले कणी टिपायला शिकत होती. सरांनी चष्मा पुसला, परत लावला.

“माझी कुठे आहेत?”

मी टरफले दाखवली. पाच, ओळीत, अक्षर स्पष्ट. सरांनी ‘मु. १’ उचलले, नीट पाहिले, खाली ठेवले. मग पिल्लांच्या लाल माना पाहिल्या. वरच्या गॅलरीतून मावशी वाकल्या होत्या. त्या हसल्या नाहीत, पण कपडे वाळत घालायचे सोडून एकच टॉवेल पुन्हापुन्हा झटकत राहिल्या.

सर हळू आवाजात म्हणाले, माझ्या कोंबड्याच्या सात पिढ्यांत उघडी मान नाही. तेव्हा शक्यता दोनच. एक, तू अंडी बदललीस, म्हणजे तू चोर आहेस. दोन, माझी सहाही अंडी वांझ निघाली आणि तुझ्या गबाळेपणाने लेबलांचा गोंधळ झाला. मी तुला लहानपणापासून ओळखतो, तू चोर नाहीस.

मी त्यांचे आभार मानले.

“मग तसं लिहून दे,” सर म्हणाले. “उद्या ये. मी सांगतो, तू लिही.”

दिवसभर टरफलांपाशी बसलो. मी अंडी बदललेली नाहीत. लेबलांचा गोंधळ झालेला नाही. मावशींची अंडी सहाच होती आणि पिल्ले नऊ आहेत. पण सर म्हणतात शक्यता दोनच आहेत.

२७ तारीख, शुक्रवार

सरांच्या टेबलाशी त्याच बाजूला बसलो, जिथे शिकवणीला बसत असे. ते फेऱ्या मारत सांगत होते, मी लिहीत होतो. “सदर सहाही अंडी वांझ निघाली असून त्यांतून एकही पिल्लू झालेले नाही. याची जबाबदारी निकृष्ट कोंबड्यांची आहे.” खाली माझी सही.

सरांनी कागद खिडकीपाशी नेऊन शब्द न् शब्द तपासला. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “शाबास. एकही चूक नाही.”

हे शब्द ऐकण्यासाठी मी सहा वर्षे थांबलो होतो. पायऱ्या उतरताना पाय हलके वाटत होते. घरी आल्यावर ताईला सांगितले. ती भाजी चिरत होती. तिने विचारले, “म्हणजे सरांची किती धरायची?”

“शून्य,” मी म्हणालो.

सुरी थांबली. “मग अट?”

ते माझ्या ध्यानातच आले नव्हते. दाजींनी काही विनोद केला नाही. नुसते म्हणाले, सोमवारी आठला निघू. त्यांनी चेष्टा केली असती तर बरे वाटले असते.

पाच टरफले खोक्यात ठेवली आहेत. टाकावीशी वाटत नाहीत. चूक एकही नाही, असे सर म्हणाले. मी टरफले पुन्हा मोजली. पाचच भरली.

२८ तारीख, शनिवार

हे सविस्तर लिहितो.

सकाळी साडेनऊला काकू आल्या. जिन्याखाली यायला त्यांना वाकावे लागले. हातात माझा कागद होता.

“हे तुझं अक्षर?”

मी हो म्हणालो.

“यातला हा शब्द तुझा की त्यांचा?” त्यांनी ‘वांझ’वर बोट ठेवले.

“सरांनी सांगितला.”

“वाटलंच. त्यांच्या तोंडात तो बसलेलाच आहे.” त्या खोक्याशेजारी जमिनीवरच बसल्या. “खाटीक आलाय. माझ्या दोघी काळ्या न्यायला सांगतायत. कागदावर लिहून आलंय ना, निकृष्ट म्हणून.”

माझ्या हातातून कणीची वाटी पडली. मी परवा दिवसभर आणि काल रात्रभर स्वतःचा विचार केला होता, सरांचा केला होता, टायरच्या दुकानाचा केला होता. काळ्या कोंबड्यांचा एकदाही केला नव्हता.

“खरं काय ते सांग आता,” काकू म्हणाल्या.

मी टरफले काढून त्यांच्यासमोर ओळीने ठेवली. मु. १, २, ३, ५, ६. काकूंनी ती एकेक उचलली. मग त्यांनी पिल्लांकडे पाहिले आणि गळ्याशी झुपका असलेले एक पिल्लू उचलून तळहातावर घेतले.

“तिच्या कोंबड्याही उघड्या मानेच्या, कोंबडाही. त्यांची पिल्लं साफ उघडी,” त्या म्हणाल्या. “माझ्या कोंबड्यांना भरपूर पिसं. त्यांची पिल्लं अशी, निम्मी या घरची, निम्मी त्या घरची. झुपकेवाली किती आहेत रे?”

“पाच,” मी म्हणालो. तीन दिवसांपूर्वीची ती नोंद माझ्याच वहीत आहे, मीच लिहिलेली.

मग मी विचारले की मावशींचा कोंबडा त्यांच्या परसात गेलाच कसा. काकूंनी पिल्लू जमादारणीखाली सरकवले.

“कडी मीच काढते रोज, ते झोपले की. तू दोनदा लावून गेलास, तेव्हा तुला धरून बडवावंसं वाटलं होतं मला. चार जणी गेल्या माझ्या. काळा नुसता तुरा हलवत हिंडायचा आणि सुरी कोंबड्यांच्या मानेवर.”

एवढे बोलून त्या हसायला लागल्या. आधी हळू, मग तोंडावर पदर धरून. हसता हसता म्हणाल्या, “तेवीस वर्षं. कडू काढे, गोळ्या, सुया. तेवीस वर्षं परीक्षा माझी एकटीची.” कोंबड्यांचा विषय चालू असताना त्या स्वतःच्या औषधांबद्दल का बोलल्या, ते मला कळले नाही. पण फार हसल्याने डोळ्यांना पाणी येते, हे खरे आहे.

डोळे पुसून त्यांनी टोपली मागितली. “ही पाच घेऊन जाते. दाखवून आणते. आईवेगळी किती वेळ चालतील?”

“वीस मिनिटे,” मी म्हणालो. “खाली उबदार फडके लागेल.”

“वीस पुरेत. तू घड्याळ घेऊन चल.”

काकू मागच्या फाटकाने गेल्या नाहीत. रस्त्यावरून, समोरच्या दाराने गेल्या. सर व्हरांड्यात वर्तमानपत्र उघडून बसले होते, खाटीक पायरीवर उभा होता. काकूंनी टोपली सरांच्या वर्तमानपत्रावरच ठेवली.

“ही आपल्या घरची,” त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचा होता, फक्त ऐकू येण्याइतका मोठा. “गळ्याला टाय बघा. शिकलेल्या घरची म्हणून लगेच कळतात.”

खाटीक वाकून पाहू लागला. मग त्याने समोरच्या गॅलरीखाली भिंतीवर उभ्या असलेल्या उघड्या मानेच्या कोंबड्याकडे पाहिले, आणि मग कुंपणापाशी उभ्या असलेल्या काळ्याकडे. तो म्हणाला, “काकू, मग न्यायचं कुणाला?” प्रश्न रास्त होता.

सर म्हणाले, “ही त्या बाईची आहेत. याने लिहून दिलं आहे.”

सर्वांनी माझ्याकडे पाहिले. नऊ मिनिटे झाली होती. मी म्हणालो, “सर, ते श्रुतलेखन होते.”

मग मी पुढे सांगितले, “शब्द तुमचे होते. माझी नोंद वेगळी आहे. पाच टरफले आहेत, अक्षर माझे आहे आणि गोंधळ झालेला नाही.”

“अंडी माझ्या कोंबड्यांनी घातली,” काकू म्हणाल्या. “कोंबडा कुणाचा का असेना. पिल्लं त्यांची. त्या कुठे जाणार नाहीत.”

सरांनी टायची गाठ चाचपली. ते काहीतरी बोलणार होते, पण काकूंनी त्यांच्याकडे पाहिले. कसे पाहिले ते लिहिता येत नाही. मी डॉक्टरांच्या दारावर अकरा दिवस होतो, तिथे निकालाचा कागद हातात आलेली माणसे असे बघत. सर उठून आत गेले. वर्तमानपत्र टोपलीखालीच राहिले.

समोरून मावशींनी नऊ वर्षांनंतर पहिल्यांदा या घराकडे बघून हाक मारली, “वहिनी, चहा टाकू का?”

सतराव्या मिनिटाला पिल्ले जमादारणीखाली परत. पाचही सुखरूप.

कागद काकूंनी माझ्याकडे दिला. चुकीचा शब्द एकाच रेघेने खोडावा, गिरगटू नये, असे सरांनीच शिकवले आहे. ‘सहाही’, ‘वांझ’ आणि ‘एकही पिल्लू झालेले नाही’ एका रेघेने खोडले. ‘निकृष्ट’ दोन रेघांनी.

३० तारीख, सोमवार

दाजी आठ वाजता स्कूटर काढून थांबले होते. ताईने त्यांच्यासमोर बोटांवर मोजले: समोरची पाच, वरची चार. मग ती आत गेली. दाजींनी स्कूटर परत स्टँडवर लावली. म्हणाले, “स्टूल पाठवून देतो. कोंबडीपाशी बसायला बरं पडेल.”

स्टूल संध्याकाळी आले. उंची योग्य आहे.

१२ तारीख, शनिवार

पिल्ले सतरा दिवसांची. पंख फुटले आहेत. झुपके गळून पडलेले नाहीत. माझ्या मजुरीची दोन पिल्ले ठरली, एक टायवाले, एक साफ मानेचे. नवीन अंडी तीन घरांतून आली आहेत. या वेळी प्रत्येक घराची अंडी वेगळ्या कोंबडीखाली (ताईने बाजारातून तीन खुडूक आणून दिल्या), कारण सगळी एका रंगाची निघाली तर पुन्हा पंचाईत. लेबलेही लिहितो. सवय आहे.

सर आता रस्त्याने जाताना माझ्याकडे पाहत नाहीत. काकूंचे मागचे फाटक दिवसभर उघडे असते, कडीच काढून टाकली आहे. आज त्यांच्याकडे कणी आणायला गेलो तेव्हा काळा कोंबडा कुंपणावर चढून, तुरा ताठ करून ओरडत होता. मी काकूंना विचारले की याचा आता काही उपयोग नाही, मग याला रोज दाणे का घालता.

काकू कणी पाखडत होत्या. सर आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसले होते, दार उघडे होते.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “आरवतो चांगला.”